लस वेळेवर पोहोचावी म्हणून झटलेला माणूस : वाल्डेमार हाफकिन



मुंबईत परळला टाटा किंवा केईएम हॉस्पिटलमध्ये पेशंट घेऊन कधी गेला असाल, तर त्याच भागात हाफकिन संस्थेची पाटी तुम्ही पाहिली असेल. सर्पदंशावरच्या इंजेक्शनमुळे आणि पोलिओच्या थेंबांमुळे हे नाव खेड्यापाड्यातही पोहोचलेलं आहे. पण हाफकिन हे एका माणसाचं आडनाव आहे, हे मला स्वतःला डी.एड. होऊन नोकरीला लागेपर्यंत माहीत नव्हतं. आजच्या लेखात आपण त्या माणसाचं, म्हणजे वाल्डेमार हाफकिन यांचं चरित्र पाहणार आहोत.

हे चरित्र आत्ताच का लिहावंसं वाटलं, ते आधी सांगते.

माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वय सत्तरच्या पुढे, मधुमेह आहे, आणि दमा जुना. कोविडचे दोन्ही डोस त्यांनी वेळेवर घेतले होते. २०२२ च्या मे महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं की पावसाळ्याआधी फ्लूची लस घ्या आणि बूस्टरची मुदत भरली की तोही घ्या. आम्ही घरात ठरवलं, दोन्ही सुया जवळजवळ नकोत, आधी बूस्टर होऊ दे, मग फ्लूचं बघू. पुढे पेरणी आली, माझी शाळा सुरू झाली, पटनोंदणी, पुस्तक वाटप. फ्लूची लस राहून गेली. ऑगस्टमध्ये अण्णांना फ्लू झाला आणि नऊ दिवस ऑक्सिजनवर काढावे लागले. ते बरे झाले, पण अजूनही जिना चढताना मध्ये थांबतात.

लस मिळत होती, पैसेही होते, डॉक्टरांनी सांगितलंही होतं. चुकली ती वेळ. आणि ती चूक आमची होती. दवाखान्यात रात्री बसल्या बसल्या मी लशींचा इतिहास वाचायला लागले आणि हाफकिन भेटले. त्यांचं अर्धं आयुष्य याच एका गोष्टीत गेलं होतं. लस तयार करणं हे एक काम, आणि रोग दारात येण्याआधी ती माणसाच्या दंडापर्यंत नेणं हे दुसरं काम.

जन्म आणि शिक्षण

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा आज युक्रेनमध्ये आहे, तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं. तिथल्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. त्यांचे गुरू होते एली मेचनिकॉफ. रक्तातल्या पेशी जंतूंना गिळतात हे दाखवून देणारे आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे हेच ते मेचनिकॉफ.

त्या काळी रशियात ज्यू वस्त्यांवर हल्ले होत. तरुण हाफकिन आपल्या लोकांच्या रक्षणासाठी उभे राहिले, त्यात जखमी झाले, अटकही झाली. मेचनिकॉफ यांनी शब्द टाकला म्हणून सुटका झाली. शिक्षण पूर्ण झालं तरी ज्यू असल्यामुळे विद्यापीठात प्राध्यापकाची जागा मिळेना. काही वर्षं त्यांनी ओडेसाच्या प्राणिसंग्रहालयात काढली. म्हणजे जिवंत प्राण्यांचं नव्हे बरं का, नमुने जपून ठेवलेलं वस्तुसंग्रहालय. १८८८ मध्ये ते देश सोडून स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत आले. मेचनिकॉफ तिथे आधीच पोहोचले होते.

तिथे जागा कोणती मिळाली माहीत आहे? ग्रंथपालाची! पुस्तकं सांभाळायची, आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम करायचं. मोकळा वेळ मिळाला की व्हायोलिन वाजवायचं. आपल्या वर्गातल्या मुलांना हा भाग जरूर सांगा. आपल्याला हवी ती जागा मिळाली नाही म्हणून हा माणूस अडून बसला नाही.

कॉलराची लस आणि स्वतःवरचा प्रयोग

तेव्हा युरोपला आणि आशियाला कॉलऱ्याची धास्ती होती. हाफकिन यांनी कॉलऱ्याच्या जंतूंपासून लस तयार केली. आधी ती प्राण्यांवर पारखली. मग १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, सुई टोचलेली जागा दुखली, पण दोन-तीन दिवसांत सगळं उतरलं. सहा दिवसांनी त्यांनी दुसरी, जास्त जहाल जंतूंची लस घेतली.

इथे जरा थांबा. ही लस दोन टप्प्यांची होती. पहिल्या टप्प्यात कमजोर केलेले जंतू, म्हणजे शरीराला ओळख व्हावी. काही दिवसांनी दुसरा टप्पा, म्हणजे ती ओळख पक्की व्हावी. आपण वर्गात पाढा एकदा म्हणून घेतो आणि काही दिवसांनी पुन्हा म्हणून घेतो, तसंच. दोन डोसमध्ये अंतर का ठेवतात, असं पालक आपल्याला विचारतात तेव्हा हे उदाहरण कामाला येतं.

त्यांच्या प्रयोगावर पॅरिसमधल्या मोठ्या लोकांचा फारसा विश्वास बसला नाही. लस खरी पारखायची तर जिथे कॉलरा आहे तिथेच जायला हवं होतं. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते. त्यांच्या मदतीने हाफकिन यांना भारतात येण्याची परवानगी मिळाली.

भारतात पहिलं पाऊल

मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले. वय ३३. इंग्रज सरकारच्या डॉक्टरांना ते फारसे आवडले नाहीत. एक तर रशियातून आलेले, त्यात ज्यू, आणि वर वैद्यकीय पदवी नाही! होय, हाफकिन प्राणिशास्त्रज्ञ होते. आपण सवयीने त्यांना डॉक्टर म्हणतो, पण ते दवाखान्यातले डॉक्टर नव्हते.

उत्तर भारतात आग्र्यापासून त्यांनी लस द्यायला सुरुवात केली. गावोगाव, छावण्यांत, चहाच्या मळ्यांत फिरले. सव्वादोन-अडीच वर्षांत ४२ हजारांवर लोकांना लस दिली. १८९४ मध्ये कलकत्त्याच्या एका गरीब वस्तीत, कट्टल बागानमध्ये, कॉलरा आला. हाफकिन आपले भारतीय डॉक्टर सहकारी घेऊन तिथे गेले. लोक घाबरले होते, दगडफेकही झाली. तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर स्वतःला लस टोचून घेतली. मग एकेक माणूस पुढे येऊ लागला. वस्तीतल्या सुमारे २०० जणांपैकी ११६ जणांनी लस घेतली. पुढे त्या वस्तीत कॉलरा ज्यांना झाला, ते सगळे लस न घेतलेले निघाले.

शिक्षक मित्रांनो, कोविडच्या वेळी आपण घरोघर सर्वेक्षणाला फिरलो, तेव्हा लोकांनी दारं लावून घेतलेली आपण पाहिली आहेत. लस घेतली की माणूस मरतो, मूल होत नाही, या अफवा आपण ऐकल्या आहेत. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अफवाही जवळपास याच होत्या. त्या वेळी उपयोगी पडलं ते स्वतः आधी दंड पुढे करणं. आमच्या गावातही आशाताईंनी आणि आम्ही शिक्षकांनी आधी लस घेतली, तेव्हाच ओटीवर बसलेली म्हातारी माणसं उठून केंद्रावर आली.

मलेरियाने तब्येत खालावली म्हणून १८९५ मध्ये हाफकिन इंग्लंडला गेले, पण थोडं बरं वाटताच पुन्हा भारतात परतले.

मुंबईत प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात विचित्र तापाचे रोगी सापडू लागले. काखेत, जांघेत गाठ यायची आणि दोन-चार दिवसांत माणूस जायचा. हा प्लेग आहे हे ओळखलं डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी. ते मूळचे गोव्यातल्या हडफडे गावचे. शहर भराभर रिकामं होऊ लागलं. रेल्वेने, बोटीने, पायी, जमेल तसे लोक गावाकडे पळाले. त्यांच्याबरोबर रोगही निघाला.

सरकारने हाफकिन यांना बोलावलं. ऑक्टोबर १८९६ च्या पहिल्या आठवड्यात ते मुंबईला आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन-चार शिपाई. एवढ्या बळावर प्लेगची लस तयार करायची होती, आणि तीही शहरात रोज माणसं मरत असताना.

लस कशी तयार केली, हे मुलांना ऐकायला फार आवडतं. पातळ मांसरसात जंतू वाढवायचे. पण प्लेगच्या जंतूंना आधार लागतो. म्हणून हाफकिन यांनी त्या रसावर तुपाचे थेंब सोडले! थेंब वर तरंगायचे आणि त्यांच्या खालच्या बाजूने जंतू दोऱ्यांसारखे लोंबत वाढायचे. बाटली हलवली की ते दोरे तुटून तळाला बसायचे आणि वर पुन्हा नवे धरायचे. असं काही आठवडे चालायचं. पुरेसे जंतू झाले की बाटली तापवून ते मारायचे आणि लस टिकावी म्हणून त्यात थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं. म्हणजे या लशीतले जंतू मेलेले असत. त्यांच्यामुळे प्लेग होणं शक्य नव्हतं, पण शरीराला शत्रूची ओळख मात्र होत होती.

काम इतकं जड होतं की एक सहायक मनाने पार खचला, दोघे काम सोडून गेले. हाफकिन थांबले नाहीत. तीन महिन्यांत लस तयार झाली आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. मात्रा १० घनसेंटीमीटर, म्हणजे पुढे लोकांना दिली त्याच्या कितीतरी पट जास्त. ताप आला, दुखलं, आणि उतरलं.

भायखळ्याचा तुरुंग

जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांपैकी जे तयार झाले त्या दीडशेवर कैद्यांना लस दिली. जवळपास तेवढेच कैदी लस न घेता राहिले. जेवण तेच, खोल्या त्याच, काम तेच. पुढच्या दिवसांत लस न घेतलेल्यांमध्ये आजारी पडणारे आणि मरणारे जास्त निघाले, लस घेतलेल्यांत अगदी थोडे. लशीचा उपयोग दिसून आला.

पण या प्रयोगातली एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. लस टोचली त्याच दिवशी काही कैद्यांमध्ये प्लेगची लक्षणं दिसली आणि ते वाचले नाहीत. रोग त्यांच्या अंगात आधीच शिरला होता. लस खोटी नव्हती, तिला काम करायला वेळच मिळाला नाही. अण्णांच्या पलंगाशी बसून हे वाचलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं.

पुण्यातही तेव्हा प्लेग पसरला होता. सावित्रीबाई फुले आणि डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर, हडपसरच्या बाजूला रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं, आणि त्यांनाच प्लेगने गाठलं. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. हाफकिन यांनी स्वतःला लस टोचून घेतली होती, त्याला त्या दिवशी बरोबर दोन महिने झाले होते. आपण ३ जानेवारीला बालिका दिन साजरा करतो, १० मार्चला स्मृतिदिन पाळतो. या वर्षी तेव्हा मुलांना ही दोन महिन्यांची गोष्टही सांगा.

लोकांचा विश्वास

पुढच्या महिन्यांत प्लेगच्या नावाखाली घरांत सैनिक घुसवून झडत्या घेतल्या गेल्या. त्यातून पुण्यात संताप झाला आणि २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. लोकांना सरकारचा राग होता, आणि सरकारकडून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा संशय होता. लशीचाही. हाफकिन यांचं म्हणणं मात्र होतं की लस सक्तीने देऊ नये, समजावून द्यावी.

अशा वेळी आगाखान (तिसरे) पुढे आले. तेव्हा ते विशीत होते. त्यांनी स्वतः लस घेतली, आपल्या खोजा समाजाला घ्यायला सांगितली आणि प्रयोगशाळेसाठी आपली खुशरू लॉज ही इमारत दिली. त्या समाजातल्या हजारो लोकांनी लस घेतली.

१८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंढेरा गावात आणखी एक पारख झाली. एकाच घरातल्या निम्म्या माणसांना लस दिली, निम्म्यांना नाही. पुढे प्लेगने त्या घरांतले लस न घेतलेले २६ जण गेले, लस घेतलेले ३. यातून दोन गोष्टी कळतात. लशीमुळे जीव वाचतात. आणि लस घेतली म्हणजे रोग मुळीच होणार नाही, असं मात्र नाही. तिचा परिणामही काही महिनेच टिकायचा. मुंबईत प्लेग उन्हाळ्याच्या कडाक्यात ओसरायचा आणि हवा थंड झाली की दरवर्षी पुन्हा डोकं वर काढायचा, म्हणून लोकांना लस परत घ्यावी लागे.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. तीच आजची हाफकिन संस्था. तिथून लाखो मात्रा देशभर जाऊ लागल्या.

मुलकोवालचा घात

आता चरित्रातला सगळ्यात दुःखाचा भाग. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस दिली. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. हे १९ जण एकाच बाटलीतली लस घेतलेले होते.

चौकशी बसली. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना कामावरून दूर केलं गेलं. पण त्या दिवशी गावात काय घडलं होतं? बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आपण विज्ञानात शिकवतोच. शिवाय ते जंतू बाटलीत आधीपासून वाढत असते तर उघडताना घाण वास आला असता. तसा वास आला नव्हता.

मलेरिया डासांमार्फत पसरतो हे दाखवून देणारे रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्स वृत्तपत्रात पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. त्याच वर्षी त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. पण पाच वर्षं गेली ती गेलीच. कामाच्या ऐन भरातली वर्षं होती ती. आणि त्या पाच वर्षांत किती गावांनी लशीकडे पाठ फिरवली असेल, याचा विचार करा. एकोणीस घरांचं दुःख तर भरून न येणारंच. एक चिमटा जमिनीवर पडतो आणि काय काय होऊन बसतं!

अखेरची वर्षे

१९०८ मध्ये हाफकिन भारतात परतले, पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्याला काही वर्षं काम करून ते १९१४ च्या सुमारास निवृत्त झाले आणि फ्रान्सला गेले. त्यांनी लग्न केलं नव्हतं. शेवटी ते स्वित्झर्लंडमध्ये लोझान शहरात राहिले. आपली बचत त्यांनी ज्यू मुलांच्या धार्मिक शिक्षणासाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी त्यांचं निधन झालं. त्याच्या पाच वर्षं आधी, १९२५ मध्ये, परळच्या संस्थेला त्यांचं नाव देण्यात आलं होतं. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं.

आता आपल्या घराकडे वळू या

आपल्याकडे कोविडचा प्रिकॉशन डोस, म्हणजे बूस्टर, कधी सुरू झाला आठवतंय का? १० जानेवारी २०२२. हाफकिन यांच्या १० जानेवारीला त्या दिवशी बरोबर १२५ वर्षं झाली. योगायोगच, पण मुलांच्या लक्षात राहायला बरा. या चरित्रातून घरच्या आजी-आजोबांसाठी काय घ्यायचं, ते मी असं लिहून ठेवलंय.

१) लस टोचली की लगेच संरक्षण मिळत नाही. फ्लूच्या लशीला काम करायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून घरात कोणीतरी शिंकायला लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही. भायखळ्याचा तुरुंग आठवा.

२) हंगामाआधी घ्यायची. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो आणि थंडी सरताना, जानेवारी ते मार्चच्या सुमारास, पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून एप्रिल-मे हा चांगला काळ. तो चुकला तर पुढच्या वर्षाची वाट बघू नका, डॉक्टरांना विचारून लवकर घ्या.

३) फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, लशीत कोणते प्रकार असावेत ते सुचवते. लशीचा परिणामही महिन्यामहिन्याने कमी होत जातो.

४) एका रोगाची लस दुसऱ्याच्या कामाची नाही. कॉलऱ्याची लस हाताशी असूनही हाफकिन यांना प्लेगसाठी नव्याने सुरुवात करावी लागली. तसंच कोविडचा बूस्टर फ्लूपासून वाचवत नाही आणि फ्लूची लस कोविडपासून वाचवत नाही.

५) आम्ही जिथे चुकलो तो मुद्दा. दोन्ही लशी एकाच दिवशी, एक डाव्या आणि एक उजव्या दंडात, घेतलेल्या चालतात. सुरुवातीला खबरदारी म्हणून इतर लशींत १४ दिवसांचं अंतर ठेवायला सांगत. पुढे अनुभव आणि अभ्यास वाढला तसं ते बंधन राहिलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ मध्ये दोन्ही एकत्र द्यायला हरकत नाही असं सांगितलं. दंड दुखणं, अंग कसकसणं थोडं जास्त होऊ शकतं, एक-दोन दिवसांत उतरतं. वेगवेगळ्या दिवशी घ्यायच्या असतील तर तशाही घेता येतात, फक्त एकीसाठी दुसरी लांबवू नका. बूस्टरचं अंतर मोजायचं ते कोविडच्याच आधीच्या डोसपासून. आपल्याकडे ते आधी नऊ महिने होतं, जुलै २०२२ मध्ये सहा महिने केलं. फ्लूच्या लशीशी त्या अंतराचा संबंध नाही.

६) मधुमेह, दमा, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेले, वयस्कर आणि गरोदर बायका यांनी फ्लूच्या लशीबद्दल डॉक्टरांशी आवर्जून बोलावं. अंगात जोराचा ताप असेल तर तो उतरेपर्यंत थांबावं. पूर्वी एखाद्या लशीची मोठी रिअ‍ॅक्शन आली असेल तर ते आधी सांगावं. कोविडचा पुढचा डोस कोणाला आणि केव्हा, हेही डॉक्टरांनाच विचारावं, कारण सूचना बदलत असतात.

७) सुई नवी, बंद पाकिटातली आहे ना, हे बघायला आणि विचारायला लाजू नका. मुलकोवालचे १९ जण आठवा.

वर्गात विचारता येतील असे प्रश्न

१) हाफकिन यांनी लस आधी स्वतःला का टोचून घेतली असेल?
२) तुरुंगात काही कैद्यांना लस का घेऊ दिली आणि काही जण लस न घेता राहिले, या दोघांची तुलना केल्याने काय समजलं?
३) मुलकोवालला चूक कुठे झाली? ती कशी टाळता आली असती?
४) तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांनी या वर्षी कोणती लस घेतली, कोणती राहिली, हे विचारून वहीत लिहा.

चौथा प्रश्न मी चौथीच्या वर्गाला गृहपाठ म्हणून दिला. दुसऱ्या दिवशी तीन मुलांच्या आज्या स्वतः शाळेत आल्या, कोणती लस आणि कुठे मिळते हे विचारायला. मी त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे पाठवलं.

आमच्या घरी आता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी लाल पेनाने गोल केलेला आहे. बाजूला अण्णांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, फ्लू. यंदा पेरणी त्याच्या नंतर.

तुमच्या घरातल्या कॅलेंडरवरही तो गोल आजच करा. लेख उपयोगी वाटला तर आपल्या शाळेच्या आणि पालकांच्या ग्रुपवर नक्की पाठवा, आणि वर्गात पाठ घेतल्यावर मुलांनी काय उत्तरं दिली ते मला कळवा.